पाया खोदताना लोखंडी टाकी लागली तर

काळ्या मातीत जेसीबीचं बकेट मुकाट घुसतं. मुरूम लागला की खरखर होते, पाषाण लागला की दणका बसतो. पोकळ लोखंडाचा आवाज या तिन्हींपेक्षा वेगळा असतो, जमिनीखाली कुणीतरी मोठा हंडा वाजवावा तसा. पायाच्या खोदकामात असा आवाज आला, किंवा मातीबरोबर पेट्रोल-डिझेलचा वास वर आला, तर पुढच्या पाच-दहा मिनिटांत काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, हे घर बांधणाऱ्या प्रत्येकाला आधीच माहीत असायला हवं. ऐन वेळी कुणी पुस्तक उघडत नाही. ऐन वेळी लोक खड्ड्यात डोकावतात.

हिवरा आश्रमसारख्या गावात हा विषय कशाला, असं वाटू शकेल. शुकदास महाराजांनी उभ्या केलेल्या विवेकानंद आश्रमामुळे हे गाव वाढलं. शाळा आल्या, महाविद्यालयं आली, नोकरदार आले आणि प्लॉट पडले. मेहकर तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला, त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला आणि रस्त्यालगतच्या जमिनींची उलाढाल वाढली. आजचा निवासी प्लॉट काल काय होता, हे घेणाऱ्याला पुष्कळदा ठाऊक नसतं. बहुतेक ठिकाणी ते वावरच होतं. पण रस्त्याकाठी कुठं जुना पंप असतो, कुठं ट्रक थांबायची जागा, कुठं रॉकेलचा डेपो, तर कुठं रस्त्याच्या कंत्राटदाराचा तळ. खामगावसारख्या कापसाच्या जुन्या पेठेत जिनिंगची आवारं आहेत. अशा जागांवर घरं उभी राहतात तेव्हा जमिनीत काय राहिलं, हे कुणी विचारत नाही.

पेट्रोल पंपाची टाकी जमिनीतच पुरतात. पूर्वी बर्मा शेल, एस्सो, कॅल्टेक्स या कंपन्यांचे पंप होते. 1974 ते 1978 या काळात त्या सरकारी कंपन्यांत गेल्या आणि पाट्या बदलल्या. त्या काळच्या टाक्या एकपदरी पोलादी पत्र्याच्या. पंप बंद झाला, मालकी बदलली, कंपनीने टाकी काढून नेली तर ठीक. नाही तर वर भराव पडतो आणि दहा-वीस वर्षांत जागा सपाट होऊन जाते. दुसरी गोष्ट म्हणजे 1934 च्या पेट्रोलियम कायद्यानुसार डिझेल-रॉकेलच्या वर्गातलं तेल एका जागी 2,500 लिटरपर्यंत वेगळ्या परवान्याशिवाय ठेवता येतं, मात्र कोणतंही एक भांडं 1,000 लिटरपेक्षा मोठं नको. ऑइल इंजिनवर गिरणी चालवणाऱ्याने किंवा ट्रक बाळगणाऱ्याने ड्रम पुरून ठेवला असेल, तर त्याची नोंद कुठल्याच दप्तरात सापडणार नाही.

तर, आवाज आला. ऑपरेटरने बकेट आहे तिथंच ठेवून इंजिन बंद करायचं आणि खाली उतरायचं. बकेट पत्र्यात रुतलं असेल तर ते ओढून काढायचं नाही. लोखंडावर लोखंड घासलं की ठिणगी पडते. ‘थोडं मागे घेतो’ म्हणून पुन्हा चावी फिरवायची नाही. विडी, सिगारेट, चहाची चूल, खड्ड्याजवळची मोटार, वेल्डिंग, सगळं थांबलं पाहिजे. तात्पुरती लाइन ओढली असेल तर ती लांबून, मूळ जागी बंद करायची. खड्ड्याशेजारचं बटण दाबून बंद करणं हेही ठिणगीचंच काम आहे. मग सगळ्यांनी वाऱ्याच्या वरच्या अंगाला, उंचावर, चांगलं शंभर-दीडशे फूट लांब जायचं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, तर पाण्यासारखी उताराकडे सरकते आणि पायाच्या चरात, नालीत, शेजारच्या तळघरात साचते. फोन लांब गेल्यावरच करायचा: 112 किंवा अग्निशमन 101. त्यानंतर मिस्त्री, इंजिनिअर, सरपंच.

खड्ड्याभोवती काठ्या रोवून दोरी बांधा आणि एक जबाबदार माणूस लांब उभा करा. लहान पोरं आणि गुरं आधी हटवा. गावात जेसीबी चालू असला की पोरं काठावर बसलेलीच असतात.

आता एका जुन्या शहाणपणाविषयी सांगायला हवं, कारण नेमकं तेच इथं घात करू शकतं. वऱ्हाडात धान्याची पेवं असायची. वरून अरुंद तोंडाचं, आत पोट सुटलेल्या मडक्यासारखं भुयार. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं तर सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहेत. पेव उघडल्यावर जाणती माणसं लगेच उतरत नसत. दोरीने कंदील आत सोडत; तो विझला तर आत प्राणवायू नाही असं समजून थांबत. पेवासाठी, जुन्या विहिरीसाठी ही खूण पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. इंधनाच्या टाकीत तोच पेटता कंदील सोडणं म्हणजे स्वतःच्या हाताने स्फोट करणं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाने काळजीपोटी ‘आधी कंदील सोडून बघा’ असं सुचवलं, तर त्यांना हा फरक नीट समजावून सांगा. जमिनीखाली पोकळी लागली आणि ती कशाची हे कळत नसेल, तर ती इंधनाचीच आहे असं धरून चालायचं. जाळ नको, आणि आत माणूसही नको.

आत माणूस नको, हे मी पुन्हा सांगतो. 9 एप्रिल 2024 रोजी नगर जिल्ह्यात नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावी एका पडीक विहिरीत मांजर पडलं. त्या विहिरीत बायोगॅसची मळी टाकत असत. मांजर काढायला एक जण उतरला, त्याला काढायला दुसरा, मग तिसरा, आणि पाच माणसं गेली. कमरेला दोर बांधून उतरलेला एक जण तेवढा वाचला. बंद पोकळीतले अपघात असेच होतात. पहिला माणूस न कळून जातो, पुढचे मायेने जातात. आत कुणी पडलंच तर वरून हाका मारा, दोर सोडा, 112 ला फोन करा, आणि उतरू पाहणाऱ्याला चौघांनी धरून ठेवा.

‘पण टाकी तर रिकामी आहे, वाजवून पाहिली,’ असं हमखास कुणीतरी म्हणतं. रिकाम्या टाकीचीच मला जास्त धास्ती वाटते, आणि त्यामागे साधा हिशेब आहे. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असली तरच ती पेट घेते. तोंडापर्यंत भरलेल्या टाकीत हवेला जागाच नसते. रिकाम्या टाकीत हवा भरपूर असते. एक लिटर पेट्रोलची पूर्ण वाफ झाली तर सुमारे 200 लिटर होते. म्हणजे 10,000 लिटरच्या टाकीच्या तळाशी जेमतेम लिटरभर पेट्रोल उरलं असेल, तरी आतल्या हवेतली वाफ दोन टक्क्यांवर जाते. स्फोटाला तेवढं पुरतं. पेट्रोल उणे 40 अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. आपल्याकडे तर बांधकामं दिवाळीनंतर सुरू होऊन मे महिन्याच्या उन्हात येतात. डिझेल या मानाने सौम्य. पण टाकीच्या पत्र्यावर गॅस कटर लावला की आतल्या भिंतीला चिकटलेलं डिझेल तापून त्याचीही पेटणारी वाफ होते. म्हणून ‘डिझेलची आहे, काही होत नाही’ या बोलण्यावर विसंबू नका.

इथं भंगारवाल्याचा विषय निघतोच. टनभर लोखंड दिसलं की संध्याकाळपर्यंत कुणीतरी गॅस कटर घेऊन हजर होतो, वर पैसेही देऊ करतो. खड्डा फुकटात मोकळा होतोय, म्हणून मालक हो म्हणतो. कृपा करून हो म्हणू नका. हे पैसे मजुराच्या जिवावरचे आहेत, आणि प्लॉट तुमचा असल्याने पुढचा जाब तुम्हालाच द्यावा लागेल. दुसरा मोह पाण्याचा. आपल्या भागात उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. जमिनीत आयती मोठी टाकी सापडली तर धुऊन पाण्याला वापरू, असं वाटणं साहजिक आहे. पण पत्र्याच्या गंजात आणि जोडांत मुरलेलं इंधन साबणाने निघत नाही. शिवाय देशभर शिसंविरहित पेट्रोल फेब्रुवारी 2000 पासून आलं. त्याआधीच्या टाकीच्या तळच्या गाळात शिसं असू शकतं. ते पाणी पिण्यालाच काय, जनावरांना आणि बागेलाही नको.

आता टाकी कशाची हे ओळखायचं. खड्ड्यात उतरून नाही, काठावर वाकूनही नाही. लांबून दिसतं ते, मातीतून आलेलं आणि कागदांतलं. काळ्या मातीच्या प्लॉटमध्ये सहा-आठ फुटांवर अचानक स्वच्छ नदीची वाळू लागली, तर ती देवाने टाकलेली नाही. पंपाची टाकी बसवताना भोवती वाळू भरतात. आडवं पडलेलं लोखंडी नळकांडं, वरच्या अंगाला झाकण, त्यातून निघालेले दोन-तीन पाइप, जवळच उंच उभ्या पाइपचा कापलेला बुंधा, ही इंधनाच्या टाकीची लक्षणं. विटांचं किंवा सिमेंटचं चौकोनी बांधकाम असेल तर ती बहुधा शौचालयाची जुनी टाकी. तिच्यातही मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड हे जीवघेणे वायू असतात. सारवलेल्या मातीची गोल पोकळी असली तर पेव, आणि वाड्याच्या जागेवर असाल तर कदाचित बळद, म्हणजे धान्याची कोठी.

कागद म्हणजे सातबारा, जुने फेरफार आणि अकृषिक परवानगीचा आदेश. पंपासाठी जमीन कंपनीला भाडेपट्ट्याने दिली असेल तर ‘इतर हक्क’ या रकान्यात त्याचा माग लागू शकतो. तलाठ्याकडे फक्त चालू उतारा मागू नका. मागच्या तीस-चाळीस वर्षांचे फेरफार मागा. त्या रस्त्यावर आयुष्य काढलेला एखादा ट्रक ड्रायव्हर किंवा पंक्चरवाला गाठला, तर दप्तरात नसलेलंही कळतं. पंप कुठल्या कंपनीचा, कधी बंद झाला, टाक्या किती होत्या, हे त्यांना पाठ असतं. टाक्या किती होत्या हे जरूर विचारा. पंपाला पेट्रोलची वेगळी, डिझेलची वेगळी अशा किमान दोन टाक्या असतात. एक निघाली म्हणून काम संपलं असं समजून दुसरीवर कॉलम उभा राहायला नको.

कळवायचं कुणाला? पोलीस आणि अग्निशमनानंतर लेखी अर्ज तहसीलदारांना, प्रत ग्रामपंचायतीला. इंधनाचे पंप आणि साठे यांच्या परवान्यांचं काम केंद्र सरकारची पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना बघते. ‘पेसो’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या संघटनेचं मुख्यालय आपल्याच विदर्भात, नागपूरला आहे. त्यांना पत्र लिहा. पंप कुठल्या कंपनीचा ते कळलं असेल तर त्या कंपनीच्या विभागीय कार्यालयाला स्पीड पोस्टाने पत्र पाठवून टाकी काढून नेण्याची मागणी करा आणि पोचपावती जपून ठेवा. टाकी कंपनीची असेल तर ती काढण्याचा खर्च मुकाट्याने आपल्या अंगावर घेऊ नका. माती किंवा पाण्यात तेल उतरलं असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अमरावती प्रादेशिक कार्यालयाला कळवा. कामावर परिणाम होईल, मुहूर्त टळेल, या भीतीने लोक गप्प बसतात. पण लपवलेली टाकी पुढच्या वर्षी शेजाऱ्याच्या विहिरीतून बोलते.

टाकी काढण्याचं काम तुमचं नाही, मिस्त्रीचंही नाही. तरी ते कसं व्हायला हवं हे तुम्हाला माहीत असावं, म्हणजे कुणी घाईत उरकत असेल तर थांबवता येईल. आधी उरलेलं तेल आणि गाळ ठिणगी न पडणाऱ्या पंपाने काढतात. टाकी आणि टँकर दोन्हींना अर्थिंग केलेलं असतं. मग आतली वाफ घालवतात: नायट्रोजनसारखा न पेटणारा वायू सोडून, पाणी भरून किंवा जोराची हवा खेळवून. पाणी भरलं तर तेही तेलकट घाण होतं, ते नालीत सोडायचं नसतं. त्यानंतर मीटरने आतल्या वाफेचं आणि ऑक्सिजनचं प्रमाण मोजतात. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन 20.9 टक्के असतो; तो 19.5 च्या खाली असेल तर कुणीही आत जायचं नाही. टाकी साफ आणि वायुमुक्त असल्याचं जाणकाराने लेखी प्रमाणित केल्याशिवाय तिला आगीचं काम लावणं पेट्रोलियम नियम, 2002 ला धरून नाही. तेव्हा तुम्ही एकच कागद मागा: वायुमुक्त असल्याचं प्रमाणपत्र, तारीख-वेळ आणि सहीसह. तेही शिळं होतं. सकाळी साफ असलेल्या टाकीत दुपारच्या उन्हाने गाळातून पुन्हा वाफ सुटते, म्हणून कापण्याआधी परत मोजायला सांगा. निघालेला गाळ 2016 च्या घातक कचरा नियमांत मोडतो. तो अधिकृत परवानाधारकाकडेच गेला पाहिजे आणि कुठं गेला याची पावती तुमच्याकडे हवी.

हे सगळं मृगाच्या आत झालं तर बरं, कारण पावसाचं एक वेगळं संकट आहे. रिकामी टाकी उघड्या खड्ड्यात असताना खड्डा पाण्याने भरला तर ती होडीसारखी वर उचलली जाते. 20,000 लिटरची टाकी पूर्ण बुडाली तर तिला वर ढकलणारा जोर 20 टनांचा. पाइप मोडतात, उरलंसुरलं तेल पाण्यावर पसरतं, आणि शेजारी भिंत असेल तर तिचा पाया उघडा पडतो. कार्यालयांची वाट बघत पावसाळा आला, तर खड्ड्यावर ताडपत्री ताणा आणि भोवती मातीचा बांध घालून बाहेरचं पाणी वळवा. मात्र हे काम अग्निशमनवाल्यांनी जागा सुरक्षित आहे असं सांगितल्यावरच करायचं. खड्ड्यात साचलेलं तेलकट पाणी मोटार लावून ओढ्यात सोडू नका; इथले ओढे शेवटी पैनगंगेलाच मिळतात.

विहिरीविषयी थोडं सविस्तर लिहितो. आपला जिल्हा काळ्या पाषाणाचा. लोणारचं विवर ज्या बेसाल्टमध्ये आहे, तोच आपल्या पायाखाली. या खडकात पाणी वाळूत मुरतं तसं सगळीकडे मुरत नाही, ते भेगांतून आणि झिजलेल्या मुरुमातून वाहतं. तेलही तीच वाट धरतं. म्हणून टाकीपासून तीस फुटांवरची विहीर स्वच्छ आणि तीनशे फुटांवरचं बोअर नासलेलं, असंही होऊ शकतं. टाकी फुटकी निघाली तर आजूबाजूच्या सगळ्या विहिरी आणि बोअरवाल्यांना त्याच दिवशी सांगा. अवघड जातं, शेजारी चिडतो, तरी सांगा. पाण्याला वास आला किंवा वर सप्तरंगी तवंग दिसला, तर ते पिण्याला आणि स्वयंपाकाला लगेच बंद. उकळून उपयोग नाही, उलट स्वयंपाकघरात वाफ पसरेल. तुरटी आणि ब्लिचिंग पावडर तेलावर चालत नाहीत. घरच्या फिल्टरवर भरवसा ठेवू नका. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना न्याल तेव्हा तेल आणि पेट्रोलजन्य पदार्थांची तपासणी हवी, असं स्पष्ट लिहून द्या. नेहमीच्या तपासणीत क्षार, फ्लोराइड, जंतू बघतात, तेल बघतीलच असं नाही. 1974 चा पाणी प्रदूषण कायदा नदी-नाल्यांइतकाच विहिरींनाही लागू आहे, हे जबाबदारी झटकणाऱ्याला ऐकवायला लक्षात ठेवा.

वास येणारी माती वेगळी काढून जाड प्लास्टिकवर ठेवा आणि वरूनही झाका. ती वावरात पसरू नका, भराव म्हणून कुणाला देऊ नका. टाकी निघाल्यावर उरलेल्या खड्ड्यात निघालेलीच काळी माती लोटून वर घर बांधणं ही दुसरी चूक. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. त्या भेगांतून राहिलेली वाफ थेट घरात येते. खड्डा स्वच्छ मुरुमाने, थराथराने, पाणी मारून आणि रोलर फिरवून भरावा. तरीही नव्या भरावावर कॉलम नको. नकाशा सरकवता येत असेल तर ती जागा अंगणात घ्या. येत नसेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पाया नव्याने काढून घ्या, जुन्या नकाशावर काम रेटू नका. टाकी काढणं शक्यच नसेल, तर साफ करून आत वाळू किंवा पातळ काँक्रीट ठासून भरून ती जागेवर ठेवतात, पण राहत्या घराखाली हा उपाय मला पटत नाही.

अमेरिकेच्या ईशान्येकडे, न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास, पुष्कळ मराठी कुटुंबं राहतात. तिकडे थंडीत घर उबदार ठेवायला पूर्वी तेल जाळत, आणि त्या तेलाची टाकी अंगणात पुरलेली असे. नंतर नळाने गॅस आला, तेल बंद झालं आणि टाक्या जमिनीत विसरल्या गेल्या. तिथं जुनं घर घेताना व्यवहार पुरा होण्याआधी खरेदीदार धातू शोधणारं यंत्र अंगणभर फिरवून घेतो, कारण टाकी गळकी निघाली तर सफाईचा बोजा नव्या मालकावर पडू शकतो. आपल्याकडे खरेदीखताआधी दोन गोष्टी नक्की करता येतील. रस्त्यालगतचा प्लॉट असेल तर त्याच्या मागच्या वापराची चौकशी करा, आणि जमिनीत कोणतीही टाकी किंवा साठा नाही, निघाल्यास काढण्याचा खर्च विकणाऱ्याचा, असं एक कलम वकिलाकडून करारात घालून घ्या.

आणि टाकी निघालीच, तर काम संपल्यावर साधा नकाशा काढा. रस्त्याच्या कडेपासून किती फूट, शेजाऱ्याच्या कुंपणापासून किती फूट, किती खोल, काय निघालं, कशाने भरलं, कोणत्या तारखेला. काढतानाचे फोटो, वायुमुक्तीचं प्रमाणपत्र, गाळ नेल्याची पावती आणि पाण्याचा अहवाल त्याला जोडा. एक संच खरेदीखताबरोबर कपाटात ठेवा, दुसरा अर्जासह ग्रामपंचायतीत देऊन आवक क्रमांक घ्या.